गिझरच्या ज्योतीचा जमाखर्च

घरातला १४.२ किलोचा सिलिंडर महिना-दीड महिन्याने संपतो. नवा येतो, रिकामा परत जातो. मधल्या काळात आतला गॅस गेला कुठे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. ‘जळून गेला’ एवढे उत्तर पुरते. पण जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. तो सिलिंडर पूर्णपणे जळाला की त्यातून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाण्याची वाफ तयार होते. टाकीत जेवढे वजन होते, त्याच्या साडेचार पट वजन हवेत मिसळते.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते, घरात वारा खेळता असतो, म्हणून हे ओझे कोणाला जाणवत नाही. तोच गॅस बंद दाराच्या, बंद खिडकीच्या छोट्या बाथरूममध्ये जळू लागला, की हाच हिशेब जिवावर बेततो. थंडी पडली की गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये झालेल्या मृत्यूच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. बातमीत बहुधा ‘गुदमरून’ असा शब्द असतो. प्रत्यक्षात त्यातले बरेच मृत्यू विषबाधेचे असतात. ते विष किती तयार होते, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या रसायनशास्त्रातले एक संतुलित समीकरण आणि एक त्रैराशिक एवढे पुरते.

वाढलेले वजन आले कुठून?

अंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तराजू हाती घेऊन ज्वलनाचे कोडे सोडवले. बंद भांड्यात पदार्थ जाळला तर आधीचे एकूण वजन आणि नंतरचे एकूण वजन सारखेच भरते, हे त्याने दाखवून दिले. हाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात तो मांडलेला आहे. जळताना पदार्थ हवेतला ऑक्सिजन घेतो, आणि वाढलेले वजन त्या ऑक्सिजनचे असते. प्राण्याचा श्वास हेही एक प्रकारचे संथ ज्वलनच आहे, हेही त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने मिळून दाखवले. बाथरूमच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आत अंघोळ करणारा माणूस आणि गिझरची ज्योत हे दोघे एकाच हवेवर जगत असतात.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. हिशेबाच्या सोयीसाठी तो सगळा ब्युटेन आहे असे धरू. प्रोपेन धरला तरी आकडे फारसे बदलत नाहीत. ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. तो पूर्ण जळतो तेव्हाचे समीकरण असे:

ब्युटेनचे २ रेणू + ऑक्सिजनचे १३ रेणू → कार्बन डायऑक्साइडचे ८ रेणू + पाण्याचे १० रेणू

संतुलित समीकरण म्हणजे दोन्ही बाजूंच्या अणूंची बरोबरी. डावीकडे कार्बनचे ८ अणू, उजवीकडेही ८. हायड्रोजनचे दोन्हीकडे २०. ऑक्सिजनचे डावीकडे २६. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडमध्ये १६ आणि पाण्यात १०, म्हणजे तेही २६. एकही अणू हरवलेला नाही, एकही नव्याने आलेला नाही.

आता वजने घालायची. कार्बनच्या अणूचे वजन १२, हायड्रोजनचे १, ऑक्सिजनचे १६. त्यानुसार ब्युटेनचा रेणू ५८, ऑक्सिजनचा ३२, कार्बन डायऑक्साइडचा ४४ आणि पाण्याचा १८ भरतो. समीकरणातल्या संख्यांनी गुणले की ११६ ग्रॅम ब्युटेनला ४१६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १८० ग्रॅम पाणी मिळते. डावीकडची बेरीज ५३२, उजवीकडचीही ५३२. जमाखर्च जुळला.

पुढे फक्त त्रैराशिक उरते. ११६ ग्रॅमला ३५२, तर १४.२ किलोला किती? उत्तर ४३ किलो. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन सुमारे ५१ किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतल्या हवेत ऑक्सिजन जेमतेम पावणेआठ किलो असतो. म्हणजे एक सिलिंडर अशा साडेसहा खोल्यांमधला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो.

दहा मिनिटांची अंघोळ

हेच त्रैराशिक आता बाथरूममध्ये नेऊ. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणाऱ्या गिझरला मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस लागतो. दहा मिनिटांत १६० ग्रॅम. समीकरणाप्रमाणे त्याला सुमारे ५७५ ग्रॅम ऑक्सिजन हवा, आणि त्यातून ४८५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व जवळपास पाव किलो पाण्याची वाफ तयार होईल.

बाथरूम पाच फूट बाय पाच फूट आणि उंची आठ फूट असेल, तर आतल्या सगळ्या हवेत मिळून ऑक्सिजन सुमारे दीड किलो असतो. बाहेरची हवा आत येतच नाही असे धरले, तर दहा मिनिटांत त्यातला एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन एकटी ज्योत खाऊन टाकते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचते. माणसाच्या उच्छ्वासातही ते चारेक टक्केच असते. अर्थात खऱ्या बाथरूमला दाराखालची फट असते, कुठेतरी झरोका असतो, त्यामुळे परिस्थिती एवढी टोकाला जाईलच असे नाही. पण थंडीत वारा लागू नये म्हणून हीच फट पायपुसण्याने बुजवली जाते आणि झरोक्यावर पुठ्ठा बसतो.

चार रेणू कमी पडले तर

खरा धोका इथून पुढे सुरू होतो. ऑक्सिजन अपुरा पडू लागला की ज्योत लगेच विझत नाही, ती अर्धवट जळू लागते. मग समीकरण बदलते:

ब्युटेनचे २ रेणू + ऑक्सिजनचे ९ रेणू → कार्बन मोनॉक्साइडचे ८ रेणू + पाण्याचे १० रेणू

ऑक्सिजनचे रेणू १३ ऐवजी ९. फरक अवघा चारांचा. पण उजव्या बाजूला कार्बन डायऑक्साइडच्या जागी आता कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याच्या रेणूचे वजन २८. म्हणजे ११६ ग्रॅम ब्युटेनपासून २२४ ग्रॅम विषारी वायू.

प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया एकाच ज्योतीत शेजारी शेजारी चालतात. बहुतेक गॅस नीट जळतो, थोडासा अर्धवट. तो थोडासा म्हणजे शंभरात एकच भाग आहे असे समजा. दहा मिनिटांच्या १६० ग्रॅमपैकी १.६ ग्रॅम. त्यातून तयार होतो सुमारे ३.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. आकडा किरकोळ वाटतो. पण बाथरूमचे आकारमान साडेपाच घनमीटरच्या थोडे वर. एवढ्या जागेत हा वायू पसरला, की एका घनमीटर हवेत साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास प्रमाण येते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी पंधरा मिनिटांची मर्यादा घातली आहे ती घनमीटरला १०० मिलिग्रॅमची. गिझर ९९ टक्के चांगला चालत असतानाही ही मर्यादा पाच पटींहून अधिक ओलांडली जाते.

बर्नरवर काजळी धरली, गंज चढला, जळलेली हवा पुन्हा पुन्हा ज्योतीकडेच येत राहिली, तर हे प्रमाण एक टक्क्यावर थांबत नाही. ते पाच टक्क्यांवर गेले, तर घनमीटरमागे २,७०० मिलिग्रॅम, म्हणजे हवेच्या प्रत्येक लिटरमागे २.७ मिलिग्रॅम.

रक्तातला हिशेब

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. ऑक्सिजनच्या जागा तो बळकावतो आणि सहजासहजी सोडत नाही. उरलेल्या जागांवर जो ऑक्सिजन असतो, तोही मग पेशींना मोकळेपणाने मिळत नाही. म्हणूनच निम्मे हिमोग्लोबिन अडकलेला माणूस निम्मे हिमोग्लोबिन असलेल्या रक्तक्षयाच्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त संकटात असतो.

किती वायू पुरतो? प्रौढ माणसाच्या शरीरात ५ लिटर रक्त आणि दर लिटरमध्ये १५० ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर एकूण ७५० ग्रॅम होते. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम साधारण १.३४ मिलिलिटर वायू धरतो. गुणाकार केला की सुमारे एक लिटर वायू येतो, आणि एक लिटर कार्बन मोनॉक्साइडचे वजन असते सव्वा ग्रॅम. शरीरातले सगळे हिमोग्लोबिन अडकवायला एवढेच पुरे. निम्मे अडकायला त्याच्याही निम्मे, सुमारे ०.६ ग्रॅम. निम्मे अडकेपर्यंत माणूस बेशुद्ध होतो, झटके येतात, मृत्यूही येऊ शकतो.

माणूस मिनिटाला सुमारे १० लिटर हवा आत घेतो असे धरू. वरच्या पाच टक्क्यांच्या उदाहरणात दर मिनिटाला २७ मिलिग्रॅम वायू छातीत जाईल. तो सगळाच्या सगळा रक्तात उतरत नाही. पण गिझर चालू असेपर्यंत हवेतले प्रमाणही चढतच राहते. डोक्यावरून अंघोळ, त्यात कपडे धुणे असा अर्धा तास गेला, तर ०.६ ग्रॅमचा पल्ला दूर राहत नाही. रक्तक्षय असलेल्या बाईच्या शरीरात मुळात हिमोग्लोबिनच कमी असते, त्यामुळे तिची मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात. गरोदर बाईच्या बाबतीत दोन जीव धोक्यात असतात.

न दिसणारे, फसवणारे विष

सिलिंडरमधून गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन घातलेले असते. जळताना ते रसायनही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. वजनाने तो हवेच्या जवळपास असल्यामुळे तळाशी बसत नाही की छताला चिकटून राहत नाही, सगळ्या खोलीत मिसळतो.

सुरुवातीची लक्षणेही साधीच: डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, हातापायांतले त्राण जाणे. पित्त झाले, उपाशीपोटी अंघोळ केली, रक्तदाब कमी झाला, अशी कारणे चटकन पुढे येतात. त्यातच पायांतली ताकद गेल्यामुळे कडीपर्यंत पोहोचून दार उघडणेही जमत नाही.

रुग्णालयातही हे विष हुलकावणी देते. बोटाला लावायचा नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. रुग्ण अत्यवस्थ असताना तो ९८ किंवा ९९ दाखवतो. नेमके निदान करायला को-ऑक्सिमीटर नावाचे वेगळे यंत्र लागते. रुग्ण लालबुंद दिसतो असे पुस्तकात असते, पण जिवंत रुग्णात तो रंग क्वचितच दिसतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत, ज्यांना बाथरूममध्ये झटका आला आणि मिरगी समजून औषधे सुरू झाली. खरे कारण भिंतीवरचा गिझर होता. म्हणून हिवाळ्यात बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेला किंवा झटका आलेला रुग्ण समोर आला, की ‘घरात पाणी कशाने तापवता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर नातेवाइकांनी आपणहून सांगायला हवे.

शुद्धीवर आलेला रुग्ण पूर्ण सुटला असेही नसते. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, स्वभावातला बदल, हालचालींत मंदपणा असे त्रास सुरू होतात.

शेगडीचे निखारे

हाच हिशेब कोळशालाही लागू आहे. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. १२ ग्रॅम कार्बन अर्धवट जळाला की २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे केवळ १० ग्रॅम कार्बनमधून २३ ग्रॅम. धूर नाही, ज्वाळा नाही, म्हणून लाल निखारे निर्धोक वाटतात. पण हवा कमी मिळालेले धुमसते निखारे हा वायू भरपूर सोडतात. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची आणि बाळाला धुरी देण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. वारा लागू नये म्हणून खोलीची दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात. बाळंतपणात रक्त गेलेली आई आणि काही दिवसांचे बाळ हे दोघेही या विषापुढे सर्वांत दुबळे. आईला ऊब हवी, हे बरोबर आहे. ती पांघरुणाने द्यावी, गरम पाण्याच्या पिशवीने द्यावी, निखाऱ्यांनी देऊ नये.

काय करावे?

गॅस गिझर बाथरूमच्या आत नसावाच. उघड्या गॅलरीत, वारा खेळता राहील अशा जागी तो बसवावा आणि नळाने फक्त गरम पाणी आत आणावे. ज्योत बाहेर आणि माणूस आत, एवढी साधी विभागणी केली की वरचा सगळा हिशेब हवेत विरून जातो.

ते लगेच शक्य नसेल, तर दार सताड उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच अंघोळीला जावे. नळ सोडला की पेटणाऱ्या गिझरवर शॉवर घेणे सर्वांत धोक्याचे, कारण पाणी वाहते तोवर ज्योत जळतच राहते. एकामागून एक चौघांनी अंघोळ केली, तर चौथ्याच्या वाट्याला आधीच्या तिघांची हवा येते. झरोका कायम उघडा हवा. एक्झॉस्ट फॅन लावला तरी बाहेरची हवा आत यायला वाट लागतेच. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा भिंतीवर काजळी धरली, तर गिझर बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. दरवर्षी थंडीच्या आधी बर्नरची सफाई करून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी छोटी यंत्रे बाजारात मिळतात, तीही उपयोगी पडतात.

आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट पाहू नये. दार उघडावे किंवा तोडावे, गॅस बंद करावा, माणसाला तातडीने मोकळ्या हवेत आणावे. आत शिरणाऱ्याने तिथे रेंगाळू नये, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयातला मुख्य उपचार म्हणजे घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हिमोग्लोबिनवरचा निम्मा वायू सुटायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होते. म्हणून ‘आता बरे वाटतेय’ म्हणून घरीच झोपवून ठेवणे चुकीचे आहे.

रासायनिक समीकरणे संतुलित करायला शिकलेली मुले आज जवळपास प्रत्येक घरात आहेत. परीक्षेत ती उत्पादितांचे वस्तुमान काढतात आणि गुण मिळवतात. या रविवारी त्यांच्या हाती मोजपट्टी द्यावी. बाथरूमची लांबी, रुंदी, उंची मोजून, वरचेच त्रैराशिक आपल्या घराच्या आकड्यांनी सोडवायला सांगावे. उत्तर आले की गिझर कुठे बसवायचा, याबद्दल घरात फार वाद उरणार नाही.